समुद्र, व्हाया धुळे-जळगाव

सर्वात जवळचा किनारा दोनशे किलोमीटरहून लांब. तरी खानदेशच्या बाजारात समुद्र भेटतो... वाळलेला, खारट आणि पाव किलोच्या हिशेबात! त्या वासाच्या मागे मागे केलेली ही सफर.

वीकएंड म्हटलं की आपली गाडी आपोआप अलिबाग नाहीतर लोणावळ्याकडे वळते. त्यामुळे 'मासे बघायला धुळ्याला चाललेय' असं ऑफिसात सांगितल्यावर शेजारच्या क्युबिकलमधून आलेली प्रतिक्रिया अपेक्षितच होती. "धुळ्याला? मासे? बॉस, भूगोलात किती मार्क होते तुला?"

भूगोल पक्का आहे, मंडळी. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचा झाला जळगाव, पश्चिमेचा धुळे. केळी, कापूस, सोनं, भरीत आणि मे महिन्यातलं रस्त्यावरचं डांबर वितळवणारं ऊन ही इथली ओळख. समुद्राचा इथे काहीच संबंध नाही. निदान नकाशात तरी.

पण एकदा इथल्या कुठल्याही आठवडे बाजारात चक्कर मारा. भाजीवाले, मसालेवाले, भांडीवाले संपले की एका टोकाला येऊन नाक आधी थांबतं आणि पाय मागून. समोर पोत्यांवर, टोपल्यांत, ताडपत्रीवर रचलेली सुकी मासळी. बोंबील, जवळा, मांदेली, वाकट्या, सोडे. अख्खा अरबी समुद्र, फक्त पाणी काढून टाकलेला!

पाच कंदिलांजवळ

धुळं हे चालायला सोपं शहर. विश्वेश्वरय्यांच्या आखणीचा वारसा सांगणारे सरळ रस्ते, मधून वाहणारी पांझरा, आणि बाजारात जायचं म्हटलं की ज्याच्या-त्याच्या तोंडी दोनच नावं, आग्रा रोड आणि पाच कंदील. शहरात मच्छीबाजार नावाचा भागसुद्धा आहे. समुद्र नसलेल्या गावात चौकाला मच्छीबाजार म्हणतात, म्हणजे प्रेम जुनंच म्हणायचं.

सुक्या मासळीच्या ओळीत जवळपास सगळी दुकानं बायकांची. गिऱ्हाइकंही बहुतेक बायकाच. "कितलाना शे?" हा पहिला प्रश्न. मग एक बोंबील उचलायचा, वाकवून बघायचा, नाकाशी न्यायचा. कडक असेल आणि वास खारट असेल तर ठीक. मऊ पडला असेल किंवा पिवळट, तेलकट दिसला तर परत टोपलीत. एवढं क्वालिटी कंट्रोल आपल्या सुपरमार्केटमध्ये पण होत नाही.

माल कुठून येतो, असं एका मावशींना विचारलं. "मुंबईकडून, गुजरातकडून," इतकंच उत्तर आलं. ते बरोबरही आहे. वसई-उत्तनपासून सातपाटी-डहाणूपर्यंतचा आपला उत्तरेकडचा किनारा आणि त्याच्या पलीकडे सौराष्ट्रातलं जाफराबाद ही बोंबलाची माहेरघरं. मुंबईत सुक्या मासळीचा घाऊक बाजार म्हटला की मरोळचं नाव निघतं. तिथून नाशिक-मालेगाव करत मुंबई-आग्रा हायवेने, किंवा गुजरातचा माल सुरत-नवापूरच्या रस्त्याने खानदेशात उतरतो.

मावशींनी स्वतः कधी समुद्र पाहिलाय का?

"समिंदर? तो तं मी देखेलच नही, ताई!" मावशी खळखळून हसल्या. मग हाताने माप दाखवत म्हणाल्या, "पयले मोठा माल ये. आते बारीकच येस."

आधी मोठा माल यायचा, आता बारीकच येतो. समुद्र न पाहिलेल्या बाईने समुद्राचा रिपोर्ट एका वाक्यात दिला होता. पुढची सगळी सफर मग ह्याच वाक्याच्या मागे झाली.

पावसाळ्याची बेगमी

आधी पोटोबा. खानदेशी घरात बोंबील दोन-तीन रूपांत भेटतो. पहिलं रूप चटणी. बोंबील तव्यावर किंवा निखाऱ्यावर खरपूस भाजायचे, लसूण आणि लाल मिरचीबरोबर कुटायचे, वर कच्चं तेल. दुसरं रूप वांगी-बोंबील. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं आणि काळा मसाला ह्यांचं वाटण, त्यात वांग्याच्या फोडी आणि गरम पाण्यातून काढलेले बोंबील. सोबत कळण्याची भाकरी. दोन घासांतच कपाळावर घाम येतो, पण थांबवत नाही!

एप्रिल-मे महिन्यात पापड-कुरडयांच्या बरोबरीने ही मासळी भरून ठेवायची जुनी पद्धत आहे. कडक ऊन दाखवायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायचं. पावसाळ्यात भाज्या महागतात, रानात चिखल होतो, मजुरीला खाडा पडतो. तेव्हा ह्या डब्यातून चार बोंबील काढले की अख्ख्या घराचं कालवण होतं. बेगमी म्हणतात ती हीच.

आता गंमत बघा. ज्या महिन्यांत खानदेशातला हा डबा उघडतो, बरोबर त्याच महिन्यांत किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. खवळलेला समुद्र हे एक कारण. दुसरं कारण असं की बऱ्याच माशांचा हा अंडी घालण्याचा आणि पिल्लं वाढण्याचा काळ. सरकारी बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नव्हता. मच्छीमार संघटनांची तर मागणी आहे की ३१ जुलै फार लवकर होते, बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा.

म्हणजे समुद्राला सुट्टी आणि खानदेशाला कालवण, दोन्ही एकाच वाळवणाने जमवलं होतं. 'सस्टेनेबल' हा शब्द कॉन्फरन्स रूममध्ये यायच्या फार आधी ही व्यवस्था बांबूवर लटकत होती.

सावळद्याच्या पुलावर

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की शिरपूरच्या अलीकडे सावळद्याला तापीचा पूल लागतो. गाडी सुरक्षित जागी लावून जरा खाली बघा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगावची केळी, चांगदेवला पूर्णेचं पाणी, धुळ्याची पांझरा, सगळं पोटात घेऊन ही नदी ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. योगायोग असा की आपण शाळेत पाठ केलेली महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर. (नव्या मोजणीत किनारा त्याहून मोठा भरलाय, पण पाठांतर ते पाठांतर!)

तापी जिथे पोचते ते खंबातचं आखात. नर्मदा, तापी, मही, साबरमती ह्या नद्यांचं गढूळ, गाळाचं पाणी तिथे येतं. उथळ, चिखलाच्या तळाचा, जोरदार भरती-ओहोटीचा हा पट्टा बोंबलाला मानवतो. म्हणून तर पश्चिम किनाऱ्यावर बोंबील गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रात एवढा आणि खाली कर्नाटक-केरळात जवळपास नाहीच. खानदेशातून गेलेलं पाणी त्याच समुद्रात जातं ज्यातून खानदेशाच्या ताटात बोंबील येतो. नकाशात समुद्र नव्हता ना? आहे, फक्त नदीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आणि त्या टोकाला नेमकं काय चाललंय, हे कळल्याशिवाय मावशींचं 'बारीकच येस' समजत नाही.

डोल, खोला आणि १८० मिलिमीटर

बोंबील पकडायचं पारंपरिक जाळं म्हणजे डोल. एखादं प्रचंड नरसाळं डोळ्यासमोर आणा. रुंद तोंड प्रवाहाकडे, निमुळतं शेपूट मागे, आणि सगळं समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं. होडी जाळं ओढत फिरत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासे आत आणून सोडतो. पाणी फिरायच्या वेळी जाळं वर काढायचं. खांब रोवायच्या जागांना कव म्हणतात. कुठली कव कुणाची, ह्यावरून वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे जाळीवाले ह्यांच्यात वर्षानुवर्षं वाद आहेत. समुद्र मोकळा दिसतो, पण तिथेही बांध असतातच.

डोलीचं शेपूट, म्हणजे खोला, बारीक विणीचा असतो. तो नाजूक बोंबील आणि इवलासा जवळा धरण्यासाठी. अडचण अशी की त्यातून पापलेटची नाण्याएवढी पिल्लंही सुटत नाहीत. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीची ही जुनी तक्रार. दुसरीकडे ट्रॉलर तळ खरवडत जातो आणि पर्ससीन जाळं आख्खा थवाच वेढून घेतं. त्यात रात्री एलईडी दिवे लावले की लहान-मोठे सगळे मासे उजेडाला जमतात आणि एकदम उचलले जातात. डोलवाला ट्रॉलरकडे बोट दाखवतो, ट्रॉलरवाला पर्ससीनकडे, पर्ससीनवाला परराज्यातल्या बोटींकडे. ऑफिसात प्रोजेक्ट फसल्यावर मीटिंगमध्ये होतं ना, सेम तसंच.

नियम नाहीत असं अजिबात नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं आली आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता केला गेला. २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीतल्या समुद्रात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारून दंडाच्या रकमा लाखांत नेल्या. ट्रॉलरच्या खोल्याला किमान ४० मिलिमीटरची चौकोनी आस हवी, म्हणजे पिल्लं निसटतील. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आहे.

आणि मग आला मापाचा नियम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रकारच्या माशांची किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, मांदेली ११५, सुरमई ३७०. माशाला निदान एकदा तरी अंडी घालायची संधी मिळावी, एवढीच ह्यामागची माफक इच्छा. केरळने हे काम २०१५ मध्येच सुरू केलं होतं. त्याच २०२३ साली पापलेट आपला राज्यमासा झाला. मान मिळाला खरा, पण पिल्लांची जाळ्यातून सुटका व्हायची आहे.

आकडे बघायचेत? महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन समुद्री मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक! आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळं लागोपाठ आली, होड्या किनाऱ्यालाच बांधून राहिल्या. सगळा दोष हावरेपणाचा नव्हे. पण बँकेत शिल्लक भरपूर असली तर एक वाईट महिना जाणवत नाही. शिल्लकच कमी असेल तर एका वादळात खातं रिकामं होतं.

'फक्त दोन वर्षं' म्हणून...

शिल्लक पूर्णच संपली तर काय होतं, हे कॅनडाला विचारा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा होता. शतकानुशतकं युरोपचं पोट भरत होता. खारवून, वाळवून जहाजं भरून जायचा, म्हणजे त्यांचा बोंबीलच म्हणा ना! मोठे ट्रॉलर आले, बर्फाची कोठारं आली, मासा मिळतोय तोवर ओढा, असं चाललं. शास्त्रज्ञांचे अंदाज चुकले आणि जे इशारे होते ते राजकारण्यांना नको होते. शेवटी २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. एका घोषणेत तीस हजारांवर लोकांचं काम गेलं.

बंदी दोन वर्षांची आहे, असं सांगितलं होतं. ती उठली २०२४ मध्ये. बत्तीस वर्षांनी! एवढ्या काळात गावंच्या गावं ओस पडली, पोरं दुसऱ्या शहरांत निघून गेली.

कॉडपेक्षा बोंबील नशीबवान आहे. तो झटपट वाढतो आणि त्याचं आयुष्यही छोटं, त्यामुळे संधी दिली तर लवकर सावरू शकतो. पण त्याच कारणाने एक-दोन हंगाम पिल्लंच उचलली गेली तर मागे मोठी पिढी शिल्लक राहत नाही. ६१ दिवसांची सुट्टी आणि १८० मिलिमीटरची पट्टी ह्या दोन्ही गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या.

बारीक म्हणजे पिल्लू नव्हे

आता 'छोटा मासा दिसला की घ्यायचा नाही' असा सरसकट नियम करून मोकळं व्हावंसं वाटेल. थांबा! टोपलीतला जवळा बघा. एवढासा, पण तो पूर्ण वाढलेलाच आहे, त्याची जातच तेवढी. मांदेलीसुद्धा लहानखुरीच. ह्या जाती झपाट्याने वाढतात, भरपूर असतात आणि स्वस्त असतात. त्या खाल्ल्या म्हणून समुद्राचं वाकडं होत नाही. प्रश्न आहे तो मोठा होऊ शकणारा मासा लहानपणीच उचलण्याचा. बोटाएवढा बोंबील, तळहातावर मावणारं पापलेट, वीतभर सुरमई.

आणि इथे खानदेशाचा मुद्दा येतो. ह्या बाजारात सुकी मासळी घेणारे कोण आहेत? शेतमजूर, हमाल, बांधकामावरचे कामगार, तांडा-पाड्यांवरून आलेली कुटुंबं. त्यांच्यासाठी बोंबील हा 'स्टार्टर' नाही. मटण रोज परवडत नाही, डाळ महागते, तेव्हा भाकरीबरोबर चव आणि प्रथिनं देणारी, फ्रिज न लागणारी ही एकच वस्तू आहे. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. ते उडून गेल्यावर उरतो तो जवळजवळ सगळा ऐवज. अशा माणसाला आपण 'बारीक बोंबील घेऊ नका' असं एसी केबिनमधून सांगायचं? तो माल समुद्रातून निघाला तिथेच चूक झालेली असते. धुळ्याच्या टोपलीपर्यंत आल्यावर ती सुधारत नाही.

शिवाय पिल्लांचा एक मोठा गिऱ्हाईक ह्या बाजारात दिसतच नाही. 'कचरा मासळी' म्हणून किनाऱ्यावर जे बाजूला काढतात ते फिशमीलच्या कारखान्यांत जातं. त्याची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात जाते. जो मासा वर्षभराने कुणाच्या तरी कालवणात पडला असता, तो फिरून आपल्या चिकन रोलमध्ये येतो. समुद्राची पिल्लं कोण खातंय, ह्याचं उत्तर पाच कंदिलांपेक्षा आपल्या फूड कोर्टात शोधायला हवं.

मोठा बोंबील कमी झाला की आधी त्याचा भाव वाढतो. जो देऊ शकतो तो देतो. हॉटेलं देतात, आपण देतो, 'रवा फ्राय' आणि 'कुरकुरीत' अशी विशेषणं लावून देतो. किनाऱ्यापासून लांबच्या, हातात मोजके पैसे असलेल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो तो उरलेला बारीक माल. आणि एके दिवशी तोही परवडेनासा होतो. समुद्रातली मासळी कमी होते तेव्हा तिचा पहिला चटका समुद्र न पाहिलेल्या माणसालाच बसतो. मासेमारीचे नियम हा फक्त कोळीवाड्याचा किंवा मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय नाही, तो इथल्या भाकरीचा विषय आहे.

मग आपण काय करायचं?

नियम पाळून घेणं हे सरकारचं काम, आणि ते बंदरावरच व्हायला हवं. जाळ्याची आस, इंजिनाची ताकद, दिवे, हंगाम. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत तो गिऱ्हाईक काहीच करू शकत नाही, असं नाही. आणि आपल्या खिशात त्या मजुरापेक्षा नक्कीच जास्त आहेत.

एक सोपी युक्ती. पाकिटातलं एटीएम कार्ड काढा. त्याची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. दोन कार्डं लांबीला लांबी लावून ठेवली की सतरा सेंटिमीटर होतात. ताजा बोंबील ह्याहून लहान असेल तर तो कायद्याच्या मापात बसत नाही. पापलेट निदान दीड कार्डाहून मोठं हवं, आणि ते तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. सुरमई चार कार्डांहून मोठी. सुकलेला मासा आकसतो, त्यामुळे सुक्या बोंबलाला हे माप तंतोतंत लागू होत नाही. पण दोन्हींतला फरक नजरेला कळतो, मावशींना कळतो तसा.

हॉटेलात 'बेबी पापलेट', 'बेबी सुरमई' असं मेन्यूवर दिसलं तर ते 'क्यूट' नसतं. सरळ नाही म्हणा, आणि का नाही तेही वेटरला सांगा. जून-जुलैमध्ये ताज्या पापलेटसाठी हट्ट धरू नका. तो एकतर बर्फातला जुना असतो, नाहीतर लांबून आलेला, नाहीतर चोरीचा. त्या दोन महिन्यांत खानदेशाचं ऐका आणि डबा उघडा! मुंबईत 'नो युअर फिश' नावाचा उपक्रम २०१७ पासून कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा ह्याचं कॅलेंडर देतो, तेही फ्रिजवर चिकटवून ठेवता येईल. पापलेट-सुरमई-रावसाच्या पलीकडे मांदेली, बांगडा, बोंबील आळीपाळीने खाल्ले की एकाच जातीवरचा भार हलका होतो.

जळगावहून रात्रीच्या गाडीने परत निघताना माझ्या सॅकमध्ये अर्धा किलो सुके बोंबील होते. तीन पिशव्यांत गुंडाळलेले, तरी डब्यातल्या सगळ्यांना कळलंच. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी नाक मुरडलं नाही. उलट पिशवी हातात घेऊन दाबून बघितली. "चांगला आहे, कडक आहे," त्या म्हणाल्या, "पण जरा मोठा बघून घ्यायचा ना!"

तो मोठा व्हायला समुद्रात राहिला पाहिजे, एवढंच त्यांना सांगितलं. भुसावळकडून आलेली आमची गाडी तोवर पाचोऱ्याच्या दिशेने सुसाट निघाली होती.

सफर प्लॅन करताय?

कसं जाल : मुंबईहून धुळे रस्त्याने सुमारे ३२० किलोमीटर, नाशिक-मालेगावमार्गे. रेल्वेने जळगाव ४२० किलोमीटर आणि भरपूर गाड्या. धुळ्याला ट्रेननेच जायचं तर चाळीसगावमार्गे. धुळे-जळगाव अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर.

कधी जाल : भरीत आणि गार हवा हवी तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुक्या मासळीची खरेदी करायची तर एप्रिल-मे. टोपी आणि पाण्याची बाटली मस्ट!

काय बघाल : धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि शहराजवळचा लळिंग किल्ला. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापी-पूर्णा संगम. सावळद्याच्या पुलावरून तापी.

काय खाल : कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, खापरावरचे मांडे. आणि मिळाली तर कुणाच्या तरी घरची बोंबलाची चटणी. हॉटेलात तशी मिळत नाही, ओळख काढा!

खरेदीच्या टिप्स : बोंबील कडक, फिकट आणि कोरडा असावा. ओलसर, पिवळट, वाळू लागलेला नको. घरी आणल्यावर एक दिवस ऊन दाखवा, मग घट्ट डब्यात. घेताना 'मोठा माल कधीपासून येत नाही?' असं नक्की विचारा. समुद्राची बातमी सर्वात ताजी इथेच मिळते.